हॅम्लेट, नॉर्थ कॅरोलिना: एका रेल्वेगावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढले आणि आता बरीच वर्षं नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीत राहते. कॅरीच्या स्टेशनातून दक्षिणेकडे जाणारी गाडी सुमारे दोन तासांत हॅम्लेट नावाच्या एका लहानशा गावात थांबते. तिथे मी पहिल्यांदा उतरले तेव्हा मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज ऐकला आणि माझं मन एकदम घरी पोचलं. त्यानंतर मी त्या गावाबद्दल मिळेल ते वाचत गेले आणि भेटेल त्याला सांगत गेले. लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

हॅम्लेट नेमकं कुठे आहे? केवढं आहे?

नॉर्थ कॅरोलिनाच्या दक्षिण सीमेजवळ, रिचमंड काउंटीत. रॅलेपासून सुमारे १६० किलोमीटर, शार्लटपासून सुमारे १२०. वस्ती ६,००० च्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम खेड्याएवढी. काउंटीचं मुख्यालय शेजारच्या रॉकिंगहॅमला आहे. कोर्टकचेरीची कामं तिकडे आणि रेल्वे हॅम्लेटात, अशी ही जुनी वाटणी. या पट्ट्याला सँडहिल्स म्हणतात. जमीन रेताड, वर उंच पाइनची झाडं, आणि पाऊस पडून गेला तरी पायाला चिखल लागत नाही.

नावाचा शेक्सपिअरच्या राजपुत्राशी काही संबंध?

नाही. इंग्रजीत या शब्दाचा साधा अर्थ लहानशी वस्ती, म्हणजे आपली वाडी. १८७० च्या दशकात जॉन शॉर्टरिज नावाच्या एका इंग्रजाने इथे बस्तान बसवलं आणि त्याच्याकडे अशा वस्तीला जे म्हणतात तेच नाव दिलं. १८९७ मध्ये रीतसर नगर म्हणून नोंद झाली. एका अर्थी ही कॅरोलिनातली कुर्डुवाडी म्हणायची: नावात वाडी, पण सगळं मोठेपण जंक्शनचं.

इथेच जंक्शन का झालं?

दोन रूळमार्ग इथे एकमेकांना छेदून गेले म्हणून. एक पूर्व-पश्चिम, समुद्रकाठच्या विल्मिंग्टन बंदरापासून शार्लटकडे जाणारा. दुसरा उत्तरेकडून, रॅलेहून खाली येणारा. तो १८७७ मध्ये इथे पोचला आणि पुढे दक्षिणेत शिरला. नागपूरचं डायमंड क्रॉसिंग ज्यांनी पाहिलंय त्यांना चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल. रूळ रुळाला काटकोनात कापतो आणि गाडी त्यावरून जाताना चाकांचा ठोका एकदम बदलतो.

पुढे आणखी फाटे फुटले आणि गावातून पाच दिशांना गाड्या सुटू लागल्या: उत्तरेला रॅले, पूर्वेला विल्मिंग्टन, पश्चिमेला मन्रो आणि तिथून शार्लट किंवा अटलांटा, दक्षिणेला कोलंबिया, आणि आग्नेयेला चार्ल्स्टन. न्यूयॉर्कहून फ्लोरिडाला निघालेला माणूस असो की अटलांटाहून बंदराकडे निघालेला कापूस, दोघांचीही वाट इथूनच जायची. इंजिन बदलायला, पाणी-कोळसा घ्यायला, नवा ड्रायव्हर आणि नवा गार्ड चढवायला गाडीला इथे थांबावंच लागे. गाडी थांबली की खानावळ लागते, हॉटेल लागतं, धोबी, शिंपी, डॉक्टर सगळं लागतं. गाव वसलं ते असं, फलाटापासून बाहेर बाहेर सरकत.

सीबोर्ड एअर लाइन ही विमान कंपनी होती का?

अगदी पक्की रेल्वे कंपनी होती. एकोणिसाव्या शतकात, विमानाचा पत्ताही नव्हता तेव्हा, दोन ठिकाणांमधल्या सरळ रेषेला 'एअर लाइन' म्हणत. आपला मार्ग कमीत कमी वळणांचा आहे हे सांगायला रेल्वे कंपन्या हा शब्द नावात घालत. १९०० मध्ये अनेक लहान कंपन्या एकत्र करून सीबोर्डचं जाळं उभं राहिलं आणि हॅम्लेट त्याच्या मधोमध आलं. वैमानिक चार्ल्स लिंडबर्गने १९२७ मध्ये विमानाने अटलांटिक पार केल्यावर अमेरिकेत विमान कंपन्यांचे शेअर घ्यायला झुंबड उडाली आणि त्या भरात काहींनी नाव वाचून सीबोर्डचेही शेअर घेतले, ही गोष्ट रेल्वेवाल्यांत आजही सांगतात.

१ जुलै १९६७ रोजी सीबोर्ड आणि तिची जुनी प्रतिस्पर्धी कंपनी अटलांटिक कोस्ट लाइन एक झाल्या आणि सीबोर्ड कोस्ट लाइन ही कंपनी तयार झाली. पुढच्या विलीनीकरणांनंतर १९८६ पासून हे रूळ सीएसएक्स या कंपनीकडे आहेत.

स्टेशनाच्या इमारतीचे फोटो सगळीकडे दिसतात. तिच्यात एवढं काय आहे?

तिचा आकार. १९०० मधली ही लाकडी इमारत दोन रूळमार्गांच्या कोपऱ्यात बांधली होती. एक बाजू एका मार्गाला समांतर, दुसरी दुसऱ्याला, आणि दोन्ही बाजू जिथे मिळतात तिथे गोल घुमटी. तिच्यावर मेणबत्ती विझवायच्या टोपणासारखं निमुळतं छप्पर. खाली सगळीकडून रुंद पडवी, जिच्या छपराला नक्षीच्या लाकडी कंसांचा आधार आहे. कोपऱ्यावर उभं राहिलं की दोन्ही मार्गांवरच्या गाड्या मान न वळवता दिसाव्यात अशी ही रचना. सुंदर तर आहेच, पण हे सौंदर्य कामातून आलेलं आहे म्हणून मला ती जास्त आवडते.

१९७१ मध्ये तिची राष्ट्रीय वारसा वास्तूंच्या यादीत नोंद झाली. तरी पुढे बरीच वर्षं ती खंगत गेली. शेवटी २००३ च्या सुमारास अख्खी इमारत उचलून रुळांच्या पलीकडे नेली आणि तिची डागडुजी केली. आता आत संग्रहालय आहे आणि गाडीची वाट पाहायची जागाही.

फोटोंत एक गोष्ट दिसत नाही. इमारत बांधली त्याच्या आदल्या वर्षी, १८९९ मध्ये, नॉर्थ कॅरोलिनात गोऱ्या आणि काळ्या प्रवाशांना वेगळं बसवायचा कायदा झाला होता. त्या नक्षीदार पडवीखाली प्रतीक्षालयंही दोन होती. डेपो, म्हणजे ही स्टेशनाची इमारत, पाहायला जाणाऱ्याने हे मनात ठेवून जावं.

हंप यार्ड म्हणजे काय?

भुसावळकरांनी हा प्रश्न सोडून पुढे गेलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी सांगते. मालगाडीत वेगवेगळ्या गावांना जाणाऱ्या वाघिणी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करून गावागावाच्या नव्या गाड्या जुळवायच्या, हे यार्डाचं काम. साध्या यार्डात इंजिन पुढे-मागे करत तासन्‌तास शंटिंग करतं. हंप यार्डात मधे एक बुटका उंचवटा केलेला असतो. इंजिन सगळा रेक मागून ढकलत उंचवट्यावर चढवतं, माथ्यावर माणूस जोडणी सोडवतो आणि एकेक वाघीण उतारावरून आपल्या वजनाने घरंगळत खाली जाते. टॉवरमधला माणूस सांधे बदलून तिला योग्य रुळावर धाडतो. वाटेत रुळालगत बसवलेले ब्रेक चाकांना दोन्हीकडून पकडून वेग कमी करतात. तो करकरणारा, दातांत शिरणारा आवाज ज्याने ऐकलाय त्याला तो विसरता येत नाही.

सीबोर्डने हॅम्लेटला असं यार्ड १९५० च्या दशकाच्या मध्यात उभारलं. अमेरिकेच्या आग्नेय भागातलं हे अशा प्रकारचं पहिलं, असं गावकरी अभिमानाने सांगतात.

रेल्वेत कोण काम करायचं?

गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी. ड्रायव्हर, गार्ड, फायरमन, ब्रेक्समन, फिटर, तारबाबू, गँगमन. पगार आजूबाजूच्या शेतीपेक्षा आणि कापडगिरण्यांपेक्षा चांगला, कामाचे तास ठरलेले, म्हातारपणी पेन्शन. यातलं बरंचसं कामगार संघटनांनी भांडून मिळवलेलं होतं.

पण या संघटना गोऱ्यांच्या होत्या. दक्षिणेत कृष्णवर्णीय माणूस कोळसा ओढू शकायचा, ब्रेक्समन होऊ शकायचा, डब्यात पोर्टर किंवा रुळांवर गँगमन होऊ शकायचा. इंजिन चालवणं आणि गार्डची शिट्टी मात्र त्याच्या वाट्याला यायची नाही, मग त्याला काम कितीही येत असो. रेल्वेने गावाला मध्यमवर्ग दिला, घरं दिली, मुलांना शाळा दिल्या. ते कुणाला किती मिळालं हे कातडीच्या रंगावर ठरलं.

१९११ चा अपघात कोणता?

२७ जुलै १९११. डरहॅमच्या सेंट जोसेफ्स चर्चची मंडळी खास गाडी करून शार्लटला सहलीला निघाली होती. सगळे कृष्णवर्णीय, लेकुरवाळ्या बाया, रविवारच्या शाळेतली मुलं. हॅम्लेटजवळ त्यांची गाडी समोरून येणाऱ्या मालगाडीवर आदळली. डबे लाकडी होते, त्यांचा चुरा झाला. किमान आठ जण गेले आणि जखमी कितीतरी अधिक. गावातल्या डॉक्टरांनी रुळांच्या कडेलाच मलमपट्टी सुरू केली.

जॉन कोल्ट्रेन खरंच इथला?

हो. सॅक्सोफोनच्या इतिहासात ज्याच्या आधी आणि ज्याच्या नंतर असे दोन भाग पडतात, तो कोल्ट्रेन २३ सप्टेंबर १९२६ रोजी हॅम्लेटात जन्मला. वडील शिंपीकाम करायचे. काही महिन्यांतच कुटुंब हाय पॉइंट गावी गेलं, त्यामुळे तो इथे वाढला असं म्हणता येणार नाही. पण जन्मगाव हेच. हॅम्लेट अव्हेन्यूवर राज्य सरकारची पाटी आहे.

आपल्यासाठी धागा असा की कोल्ट्रेनने हिंदुस्थानी संगीत फार जीव लावून ऐकलं. पंडित रविशंकरांशी त्याची भेट झाली होती आणि त्यांच्यावरून त्याने मुलाचं नाव रवी ठेवलं. रवी कोल्ट्रेन आज स्वतः नावाजलेला सॅक्सोफोनवादक आहे. जॉन १७ जुलै १९६७ ला गेला, वयाच्या चाळिशीत. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला सीबोर्ड एअर लाइन हे नाव मिटलं होतं.

आणखी कुणी प्रसिद्ध?

टॉम विकर. जन्म १८ जून १९२६, म्हणजे कोल्ट्रेनच्या तीन महिने आधी, त्याच गावात. विकरचे वडील सीबोर्डवर नोकरीला. हा मुलगा पुढे न्यूयॉर्क टाइम्सचा वार्ताहर झाला. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या ताफ्यात पत्रकारांच्या बसमध्ये तो होता आणि त्या दिवसाची टाइम्सची मुख्य बातमी त्याने फोनवरून सांगितली. १९७१ मध्ये ॲटिका तुरुंगातल्या बंडाच्या वेळी कैद्यांनी मध्यस्थ निरीक्षक म्हणून ज्यांना बोलावलं त्यांत तो होता.

एक गोरा, एक काळा. एका उन्हाळ्याच्या अंतराने एका गावात जन्मलेली ही दोन बाळं पुढे एका शाळेत जाऊच शकली नसती, कारण कायद्याने शाळा वेगळ्या होत्या. क्रीडाप्रेमींसाठी आणखी एक नाव: फिलाडेल्फिया ईगल्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघाकडून खेळलेला माइक क्विक हाही हॅम्लेटचाच.

रेल्वेचं काम कमी का झालं?

एका दिवसात झालं नाही. वाफेच्या इंजिनाला सतत माणसं लागतात: राख काढायला, बॉयलर साफ करायला, पाणी भरायला. डिझेल आलं आणि ही कामं गेली. डिझेल न थांबता लांब पळतं, त्यामुळे इंजिन बदलायचे थांबे गेले. हमरस्ते झाले, ट्रक आले, फ्लोरिडाला जाणारे लोक विमानाने जाऊ लागले. पूर्वी थंडीत ऑरेंज ब्लॉसम स्पेशल आणि १९३९ पासून सिल्व्हर मीटिअर यांसारख्या गाड्या इथून दिमाखात जात. १९७१ मध्ये प्रवासी वाहतूक ॲमट्रॅक या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनीकडे गेली, तोवर त्या गर्दीतलं फार थोडं उरलं होतं. विलीनीकरणानंतर दोन कंपन्यांचे समांतर मार्ग एकाच मालकाकडे आले, मग एकावरची वाहतूक दुसऱ्यावर वळवणं ओघानेच आलं. मालवाहतूक आणि यार्ड राहिलं. पण एकेका मुलाला 'वडिलांच्या जागी रेल्वेत' ही खात्री राहिली नाही. भुसावळ-दौंडच्या वाचकांना हे वाक्य समजावून सांगायची गरज नाही.

१९९१ ची आग रेल्वेत लागली होती का?

नाही, कोंबडीच्या कारखान्यात. पण रेल्वेच्या गोष्टीपासून ती तोडता येत नाही, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर.

रेल्वेतली पक्की नोकरी आटत गेली तेव्हा गावात कमी पगारावर राबायला तयार असलेली माणसं होती, त्यातही एकट्या कमावत्या बायका पुष्कळ. नॉर्थ कॅरोलिनात १९४७ च्या कायद्यामुळे संघटनांची ताकद आधीच क्षीण. इम्पीरिअल फूड प्रॉडक्ट्स ही कंपनी मूळ पेनसिल्व्हेनियाची. १९८० मध्ये तिने हॅम्लेटच्या ब्रिजेस स्ट्रीटवरची, पूर्वी आइस्क्रीमचा कारखाना असलेली विटांची इमारत घेतली आणि कोंबडीचे तुकडे तळून हॉटेलांना पुरवायचं काम सुरू केलं.

३ सप्टेंबर १९९१, मंगळवार. आदल्या दिवशी लेबर डे म्हणजे कामगार दिनाची सुट्टी होती. सकाळी आठच्या सुमाराला आत नव्वदएक माणसं कामावर होती. तळणीच्या कढईकडे माल नेणाऱ्या पट्ट्याच्या यंत्राची तेलाची नळी दुरुस्त केली होती. कढईखालचा गॅस मात्र चालूच ठेवला होता, कारण ती पुन्हा तापायला वेळ लागतो आणि वेळ गेला तर माल कमी निघतो. यंत्र सुरू करताच नळी सुटली, दाबाखालचं तेल फवाऱ्यासारखं उडालं आणि बर्नरवर पेटलं. क्षणात काळा, विषारी धूर सगळ्या इमारतीत भरला. दिवे गेले. पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती, आगीची घंटा नव्हती.

लोक दारांकडे धावले. दारं बाहेरून बंद होती.

२५ माणसं गेली, त्यांत १८ बायका. पन्नासहून अधिक जखमी झाले. बहुतेकांचा जीव धुराने घेतला. काही जण थंड खोलीत शिरले, तिथे धूर येणार नाही या आशेने, पण तिचं दार घट्ट बसलं नाही. गेलेल्यांत शीतपेयांच्या यंत्रात माल भरायला आलेला एक बाहेरचा माणूसही होता. नंतर एका कुलूपबंद दाराचे फोटो छापून आले. त्यावर आतून मारलेल्या लाथांच्या खुणा होत्या. मी तो फोटो एकदाच पाहिला आहे, पुन्हा पाहायला मन होत नाही.

दारं बंद का ठेवली होती?

कामगार कोंबडीचे तुकडे चोरतील म्हणून, हे मुख्य कारण सांगितलं गेलं. एका दाराबाबत माश्या आत येऊ नयेत हेही कारण होतं. मांस तपासायला केंद्र सरकारचा निरीक्षक कारखान्यात रोज यायचा. त्याचं काम मांसापुरतं. माणसांच्या सुरक्षेची तपासणी करणं राज्याच्या कामगार खात्याकडे होतं आणि त्या खात्याचा एकही निरीक्षक ११ वर्षांत तिथे फिरकला नव्हता. खाण्याच्या तुकड्यावर रोज नजर, तो तळणाऱ्या बाईवर कधीच नाही. या गावाबद्दल मला एवढं एकच सांगायला मिळालं असतं तर मी हेच सांगितलं असतं.

कुणाला शिक्षा झाली?

मालक एमेट रो याने मनुष्यवधाचे २५ गुन्हे कबूल केले. १९ वर्षं ११ महिन्यांची शिक्षा झाली, प्रत्यक्षात साडेचार वर्षांच्या आसपास भोगून तो सुटला. कंपनीला ८,०८,१५० डॉलर दंड ठोठावला. कारखाना पुन्हा उघडलाच नाही, म्हणजे जे वाचले त्यांची नोकरीही गेली.

नंतर कायदे बदलले का?

बदलले. राज्यात कामगार सुरक्षेचे निरीक्षक ६० च्या आसपास होते, ते ११४ झाले. विधिमंडळाने १९९२ मध्ये सुरक्षेचे कायदे एकामागून एक मंजूर केले. धोक्याची तक्रार करणाऱ्या कामगाराला नोकरीवरून काढता येऊ नये, ही तरतूद त्यांतलीच. नॉर्थ कॅरोलिनाच्या औद्योगिक इतिहासात याहून जास्त बळी घेणारी घटना एकच: १९२५ मधला कोल ग्लेनच्या खाणीतला स्फोट, ज्यात ५३ खाणकामगार गेले.

डॉबिन्स हाइट्सचं नाव या संदर्भात का येतं?

हॅम्लेटला लागून असलेली ही मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती. तिचं स्वतःचं स्वयंसेवी अग्निशमन दल आहे. त्या सकाळी ते मदतीला तयार होतं, पण त्यांना थांबून राहायला सांगितलं गेलं. आत अडकलेल्यांत त्यांच्याच घरातली माणसं होती. हा सल अजून गेलेला नाही, आणि जाण्यासारखा नाहीच.

कारखान्याची जळकी इमारत आगीनंतर कितीतरी वर्षं तशीच उभी होती. आसपासच्या घरांतल्या लोकांना ती रोज खिडकीतून दिसायची. ती हटवावी म्हणून त्यांनी पाठपुरावा केला. अखेर ती पाडली आणि त्या जागी स्मृतिउद्यान झालं.

सध्या गावात काय चाललंय?

शेवटच्या काही वर्षांतल्या मोठ्या गोष्टी सांगते. लाकडाचा भुसा दाबून जळणाच्या गोळ्या करणाऱ्या एन्व्हिवा कंपनीचा कारखाना हॅम्लेटजवळ २०१९ मध्ये सुरू झाला. गोळ्या विल्मिंग्टन बंदरातून परदेशी जातात. धूळ आणि जंगलतोड यांवरून डॉबिन्स हाइट्सच्या लोकांनी कारखाना यायच्या आधीपासून विरोध केला होता. मार्च २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला आणि रोजगाराच्या आशेवर असलेल्यांनाही धाकधूक लागली.

आनंदाची बातमी रॉकिंगहॅमकडची. तिथला मोटार शर्यतींचा जुना ट्रॅक बरीच वर्षं ओस पडला होता. एप्रिल २०२५ मध्ये नॅस्कारच्या राष्ट्रीय मालिकांच्या शर्यती तिथे पुन्हा झाल्या. ऑक्टोबरात हॅम्लेटच्या मुख्य रस्त्यावर सीबोर्ड फेस्टिव्हल भरतो. कंपनी गेली, जत्रेला तिचं नाव राहिलं. रोजच्या बातम्यांसाठी रिचमंड काउंटी डेली जर्नल आणि रिचमंड ऑब्झर्व्हर वाचावेत.

रॅलेच्या उत्तरेकडच्या नव्या रेल्वेमार्गाचा हॅम्लेटशी काय संबंध?

जुनी सीबोर्ड मुख्य लाइन रॅलेच्या उत्तरेला व्हर्जिनियापर्यंत सरळ जायची. १९८० च्या दशकात राज्याच्या सीमेजवळचा तिचा तुकडा उखडला गेला आणि हॅम्लेट उत्तरेच्या सरळ वाटेपासून तुटलं. आता हीच वाट वेगवान प्रवासी गाड्यांसाठी पुन्हा जोडायचा बेत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने रॅले ते वेक फॉरेस्ट या पहिल्या टप्प्यासाठी जवळपास ११० कोटी डॉलर मंजूर केले. हॅम्लेटला याचा थेट फायदा कधी होईल हे आज बोलणं घाईचं होईल. पण त्या लाइनवर पैसा परत येतोय, एवढ्यानेही जुन्या रेल्वेवाल्यांना बरं वाटतं.

गाडीने कसं जायचं?

१० नोव्हेंबर २०२४ पासून जुन्या सिल्व्हर स्टारच्या जागी फ्लोरिडिअन धावते: शिकागोहून वॉशिंग्टन आणि रॅले-कॅरी मार्गे मायामीपर्यंत. हॅम्लेटला दिवसाला दक्षिणेकडे जाणारी एक आणि उत्तरेकडे जाणारी एक गाडी थांबते. दक्षिणेची रात्री उशिरा पोचते, उत्तरेची पहाटे. त्यामुळे रात्रीच्या मुक्कामाची सोय आधी करा, किंवा सरळ मोटारीने जा. माझ्यासारखी हौस नसेल तर मोटारच बरी.

एका दिवसात काय बघावं?

आधी डेपो आणि संग्रहालय. जवळच टॉर्नेडोची प्रतिकृती आहे. टॉर्नेडो हे रॅले अँड गॅस्टन रेल्वेचं १८४० च्या सुमाराचं इंजिन, राज्यातल्या अगदी सुरुवातीच्या इंजिनांपैकी. उंच धुराडं आणि उघड्यावर उभा राहणारा ड्रायव्हर, आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्याही आधीच्या काळातलं. मग मुख्य रस्त्याने चालत कोल्ट्रेनच्या पाटीपर्यंत. तिथून ब्रिजेस स्ट्रीटचं स्मृतिउद्यान लांब नाही. तिथे फोटो काढायची मनाई नाही, पण आसपास राहणारे लोक त्या पंचवीस जणांचे नातेवाईक आणि शेजारी आहेत, हे ध्यानात ठेवा. दगडावर नावं आहेत. ती सगळी वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

परतीची गाडी लेट असेल तर?

असणारच, लांब पल्ल्याची गाडी आहे. पडवीखालच्या बाकावर बसा, थंडीत शाल ठेवा. जुन्या डेपोतल्या कुणाशी गप्पा सुरू झाल्या तर आपण कोणत्या रेल्वेगावचे ते सांगा. मी भुसावळ सांगितलं तेव्हा एका निवृत्त गार्डने पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडे यार्डात रुळांच्या किती ओळी होत्या?" मला आकडा सांगता येईना. मी तिथूनच भावाला फोन लावला, त्याने वडिलांना उठवलं, आणि वडिलांनी झोपेतल्या आवाजात आधी विचारलं, "अप यार्ड की डाउन?"